हातोडीचा कौल

बर्फाच्या घाटापलीकडच्या ठाण्याला रसद फक्त ट्रकच पोचवत, त्या दिवसांतली ही गोष्ट.

तीस वर्षं राबलेला एक ट्रक लष्कराच्या कारखान्यात दुरुस्तीला आला. उस्ताद भैरू पाटणे यांनी त्याचं जुनं इंजिन उतरवलं, ब्रेक बदलले, तारा बदलल्या. खोक्यातून नवं इंजिन निघालं आणि गंजलेली चासी, म्हणजे ट्रकचा लोखंडी सांगाडा, बघून फणकारलं, "उस्ताद, या म्हातारीच्या मांडीवर मी बसू? वाटेत मोडली म्हणजे?"

उस्तादांनी गंज खरवडला, हातोडी घेतली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत ठोकत, कान लावून ऐकत गेले. चिरलेलं लोखंड बद्द वाजतं. चासी देवळातल्या घंटेसारखी वाजली.

"ही राहणार," उस्ताद म्हणाले. "बस मुकाट."

पहिल्याच फेरीत घाटात कडेची माती ढासळली आणि एक चाक अधांतरी राहिलं. इंजिनाची बोबडी वळली. चासी कण्हली, पिळवटली, पण धान्याची सगळी पोती तिने तोलून धरली.

"घाबरू नकोस, बाळा," ती म्हणाली. "मी धरते, तू ओढ."

इंजिनाने जीव खाऊन ओढलं. त्या संध्याकाळी ठाण्यावर चूल पेटली.

बऱ्याच वर्षांनी त्याच ट्रकला नवा गिअरबॉक्स आला. इंजिनाकडे बघून त्याने नाक मुरडलं, "या थकलेल्याशी मी जुळवून घेऊ?"

इंजिन रागावलं नाही. "उस्ताद, हातोडी घ्या," ते म्हणालं. "आधी मला वाजवून बघा."