कढीलिंबाचा पहारा

शेजारणी न विचारता एकमेकींच्या परसात शिरत, त्या काळची गोष्ट. द्वारकाकाकूंच्या परसात एक कढीलिंब होता. मैत्रिणी, नणंदा येत, त्याची पानं ओरबाडत आणि काकूंशी तासभर हसत बसत.

वैतागून तो फाटकावरच्या बोगनवेलीला म्हणाला, "बाई, पानं न्यायला येईल त्याला अडव!"

तिने फाटकभर काटे पसरले. फुलांना भुलून काकूंनी तिला छाटलंच नाही. ओरखडे सोसून बायका थोडे दिवस आल्या, मग येईनाशा झाल्या. कढीलिंब छपराएवढा वाढला.

एके दिवशी काकूंनी कुऱ्हाडवाल्याला आत घेतलं. "तोडा हा. आता कुणी येत नाही, एकटीपुरती फोडणी कोण घालतंय?"

कढीलिंब किंचाळला, "बाई, अडव ना याला!"

"पानं नेणाऱ्यांना अडवायचं ठरलं होतं," बोगनवेल म्हणाली. "हा कुठे पानं न्यायला आलाय?"