राणीच्या डोळ्यातली चांदीची नळी

एका राज्यात तीन वर्षे एकही निवाडा झाला नव्हता.

तिथली रीत अशी, की गादीवरच्या माणसाच्या डोळ्यांत पाणी असेल तर न्यायसभा भरवू नये. आणि राणी मृगांकवतीचे डोळे अखंड वाहत होते. तिला दुःख काहीच नव्हते. विकटसिद्ध नावाच्या मेलेल्या मांत्रिकाची पेटी तिने खजिन्यात उघडली, आतून निळी वाफ आली, आणि त्या दिवसापासून धार लागली. वैद्यांची अंजने हरली. बंदीखान्यात माणसे निवाड्याची वाट पाहत राहिली.

त्यांत चांदी ओढून बारीक तार काढणारा कारागीर केरोबा तिन्ही वर्षे होता. राजवस्त्रांची चांदीची तार चोरल्याचा त्याच्यावर आळ होता. त्याची बायको येसाई हीही तार ओढण्यात निपुण. ती वाड्यावर गेली आणि राणीला बरे करण्याची परवानगी मागितली. बक्षीस काय हवे, असे विचारल्यावर म्हणाली, “निवाडा.”

त्या पेटीवर मांत्रिकाची साळुंकी अजून राखण करीत होती. येसाईने तिलाच उपाय विचारला.

“पाणी जास्त येत नाही, जायची वाट बुजली आहे,” साळुंकी म्हणाली. “डोळ्याच्या कोपऱ्यात बारीक छिद्र असते, तिथून पाणी नाकात उतरते. शापाने ती वाट लिंपली. तीन कामे कर. घोड्याचा केस जेमतेम मावेल अशी नळी घडव. न दिसणाऱ्या वाटेने ती ने. मग तीन महिने तिला राणीचा हात लागू देऊ नकोस.”

येसाईने चांदीचा पत्रा ठोकून ठोकून कांद्याच्या पापुद्र्यासारखा केला, घोड्याच्या केसावर वळवला आणि केस जाळून काढला. अठरा नळ्या तडकल्या. पुढच्या दोन टिकल्या, दोन डोळ्यांना दोन.

साळुंकीने दिलेल्या पाल्याच्या रसाने राणीचा चेहरा बधिर झाला. येसाईने स्वतःचे डोळे मिटून, बोटांच्या अंदाजाने नळी सरकवली. अर्ध्या वाटेवर ती अडली. जोर केला तर वाट फाटेल, म्हणून तिने नळी नुसती फिरवली, बराच वेळ फिरवली. मग काहीतरी सुटले. तिने डोळ्यात हळदीच्या पाण्याचा थेंब टाकला. तो पिवळाच्या पिवळा नाकातून उतरला. दुसऱ्या डोळ्यालाही तसेच केले.

तिसरे काम राणीचे होते. नळ्या खुपत, नाकात शिवशिवत. झोपेत हात जाऊ नये म्हणून तिने स्वतःचे हात रेशमी फडक्याने बांधून घेतले. तीन महिन्यांनी येसाईने नळ्या ओढून काढल्या. त्या काळ्या पडल्या होत्या. डोळे कोरडे होते. साळुंकी उडून गेली.

दुसऱ्या दिवशी न्यायसभा भरली. पहिला केरोबा उभा राहिला. त्याने तीन हात तार घेतल्याचे कबूल केले. येसाईला हे ठाऊक नव्हते. ती खांबाला टेकली.

“या गुन्ह्याला शिक्षा एक वर्ष,” राणी म्हणाली. “उरलेली दोन तू माझ्यामुळे भोगलीस. ती मला परत देता येत नाहीत.” आणि भरल्या सभेत तिने त्याच्यापुढे मान लववली.

दोघे घरी निघाली. वाटेत येसाईने विचारले, “तार घेतलीत, हे मला का सांगितलं नाही?”

“मग तू माझ्यासाठी वाड्यावर यायची नाहीस, असं वाटलं.”

“आले असते,” ती म्हणाली आणि चालत राहिली.

त्या राज्यात मग रोज एक निवाडा झाला. शेवटचा बंदी घरी गेला, त्या दिवशी पहारेकऱ्याने बंदीखान्याचे दार लोटलेही नाही.