येसूची ओंजळभर माती

डोंगराच्या पायथ्याशी, जिथे भाताशिवाय दुसरं काही पिकतच नाही, तिथे एका कुडाच्या घरात येसू आणि तिची आई राहायच्या. येसूला एक धाकटा भाऊ होता. गेल्या साली भातावर करपा पडला. हिरव्यागार पानांवर आधी तपकिरी ठिपके आले, मग सगळं शिवार जळाल्यासारखं झालं. घरात दाणा उरला नाही, म्हणून मायलेकी त्या लहानग्याला घेऊन वीटभट्टीवर कामाला गेल्या. तिथल्या थंडीत नि धुरात तो आजारी पडला आणि तिथेच गेला. यंदाही भात हातचं गेलं तर पुन्हा त्या भट्टीवर जावं लागणार, ही येसूला धास्ती होती.

आता तिथली रीत ऐका. बी पेरायच्या आधी जमिनीच्या तुकड्यावर पाला नि शेण पसरून पेटवायचं, याला राब भाजणं म्हणतात. करप्याच्या भीतीने यंदा सगळ्यांनी थरावर थर रचले आणि माती पार खापरासारखी भाजून काढली. बिचाऱ्यांना वाटलं, रोग जळेल!

येसूही पाला आणायला रानात गेली होती. एका जुन्या कुंभ्याच्या झाडाखाली ढीगभर पाला होता. तिने हात घातला, तर खालची माती मऊ, उबदार, आणि तिच्यात चांदीचे इवले इवले कण लुकलुकत होते. कुणाचं तरी घर असेल, असं वाटून तिने तो पाला अलगद पुन्हा पांघरला. भारा छोटा झाला. शेजारचे धाकूकाका आईला फाडफाड बोलले, की एवढ्याशा पाल्यात काय राब भाजणार, तुमच्यापायी गावभर रोग पसरेल. आईने आहे तेवढ्या पाल्यावरच राब भाजला.

पाऊस आला, रोपं उगवली आणि कोवळ्या पानांवर ठिपकेही दिसू लागले. येसूच्या राबात थोडे, इतरांच्या राबात जास्त. येसू त्या कुंभ्याखाली जाऊन हमसून हमसून रडली. तेव्हा पाल्यातून एक बोटभर परी वर आली. मातकट रंगाची, शेवाळी झग्याची, पंख अगदी पावसाच्या थेंबासारखे.

"माझं घर तू मोडलं नाहीस," परी म्हणाली. "काय हवं ते माग."

"करपा जाऊ दे. आम्हाला भट्टीवर नाही जायचं."

"जळलेलं पान हिरवं करणं मला जमत नाही गं बाळ. मी मुळं राखते. हे चमचमणारे माझे चिमुकले जीव मुळांना बिलगले की सगळं रोप सावध होतं, करप्याला सहज आत शिरू देत नाही. तुमच्या आगीत तेच मेले."

मग तिने येसूला ओंजळभर माती दिली आणि नियम सांगितले. मडक्यात पाणी नि गूळ घालून ही माती त्यात मुरवायची. मडकं सावलीत ठेवायचं, विस्तवाजवळ न्यायचं नाही. ठिपक्यांची रोपं टाकून द्यायची, आणि लावणीआधी चांगल्या रोपांची मुळं त्या पाण्यात बुडवायची. ही ओंजळ एकदाच मिळते, दुसरी मागायची नाही.

घरात गुळाचा एकच खडा होता. भावासाठी आणलेला तो खडा आईने डब्यात जपला होता. तिने तो हातात धरून ठेवला, डोळे पुसले आणि मडक्यात सोडला.

वरच्या खाचराची लावणी झाली, खालचं राहिलं, तोच धाकूकाका बांधावर आले. त्यांच्या कडेवर नात होती, येसूच्या भावाएवढी.

"पोरी, बोललो ते चुकलंच माझं," ते म्हणाले. "यंदा आमच्यावरही भट्टीची पाळी आहे. मुळं बुडवता ते पाणी थोडं देशील?"

मडक्यात तळाशीच काय ते उरलं होतं. येसूला काकांचं बोलणं आठवलं, रागही आला. पण त्या बाळाने तिच्याकडे बघून बोट चोखलं आणि येसूने सगळं मडकं त्यांच्या पातेल्यात रिकामं केलं.

तिचं खालचं खाचर करप्याने खाल्लंच. वरचं उभं राहिलं, पण तेवढ्यात वर्ष निघणार नव्हतं. भट्टीचा ट्रक गावात आला तेव्हा आई गाठोडं बांधत होती. तेवढ्यात धाकूकाकांनी ओटीवर भाताची पोती आणून टाकली.

"तुमच्या खाचराचं भात माझ्या खाचरात पिकलं," ते म्हणाले. "हे घ्या, नि गाठोडं सोडा."

ट्रक निघून गेला. येसू शेताकडे धावली. कापलेल्या धसकटांवर परी बसली होती.

"माझा भाऊ..." येसू हळूच म्हणाली.

"ते माझ्या हातात असतं, तर तू मागायच्या आधीच दिलं असतं," परी म्हणाली. तिने येसूच्या गालावर इवलासा हात ठेवला. मग ती सोनेरी, रुपेरी उजेड झाली, त्या उजेडाचे असंख्य कण झाले आणि सगळ्या गावाच्या मातीत झिरपून गेले. पुन्हा ती कुणाला दिसली नाही.

त्या संध्याकाळी आईने नव्या तांदळाचा भात रांधला. पहिला घास धाकट्याच्या नावाने बाजूला काढला. दोघी खूप रडल्या, मग पोटभर जेवल्या आणि आपल्याच घरात झोपल्या.