बगळ्याने खाली आणलेली रेघ

नदीला अजून कुणी नावही दिलं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. पूर उंबराच्या बुंध्यापर्यंत चढतो, हे काठावर सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून सरकारी बगळ्याने तिथे चुन्याची रेघ मारली आणि तिच्याखाली बिळं खणायला बंदी केली.

साळूबाई साळिंदरीला ते पटेना. खालची माती कशी मऊ, लोण्यासारखी. चारचौघांना घेऊन ती बगळ्याकडे गेली.

"रावसाहेब, रेघ जरा खाली घ्या की. एवढी जागा वाया घालवायची?"

बगळ्यालाही रोजची कटकट नको होती. त्याने रेघ वीस पावलं खाली आणली. साळूबाईने त्याच दिवशी नवं बीळ खणायला घेतलं.

श्रावणात पाणी उंबराला टेकलं. साळूबाईची पिलं कशीबशी वाचली, बीळ मात्र गेलं. पाणी ओसरायच्या आतच बगळा पंचनाम्याला आला. रेघ पाण्याखाली होती, म्हणून त्याने नकाशा उघडला.

"तुमचं बीळ रेघेच्या वर आहे, बाई. तिथे पूर येत नाही."

"अहो, पण आला ना."

"रेघ तुम्हीच मागून घेतलीत."

साळूबाईच्या बिळावरच्या गुडघाभर पाण्यात उभा राहून बगळा लिहीत होता, "जागा कोरडी आहे."