चिखलातली रेघ

त्या राज्यात शिकायचं ते टेकडीवर, आणि टेकडीची वाट बारमाही चिखलाची. नाव पुकारण्याची पद्धत नव्हती. सगळे वर पोचले की बगळा वाकून चिखलातले ठसे वाची. तीन दिवस ठसा दिसला नाही, की जागा दुसऱ्याला.

चांदी सशिणीचा मागचा पाय मोडला, तेव्हा वाऱ्यावरून धोका हुंगायचे धडे अर्ध्यावर होते. वारा न शिकलेला ससा त्या राज्यात म्हातारा होत नसे. ती बिळात पडल्या पडल्या रडली.

नदीत जुळे शंख मिळत. एकात बोललेलं दुसऱ्यातून ऐकू येई. तिच्या वर्गातल्या मुंगूस आणि घोरपडीने एक तिच्या कानाशी ठेवला आणि दुसरा रोज नाकाने ढकलत टेकडीवर नेला. पहिल्या दिवशी मुंगसाने त्याचं तोंड खाली करून ठेवलं आणि चांदीने दिवसभर मुंग्यांची भांडणं ऐकली. दुसऱ्या दिवशी मात्र शंखातून इतके प्रश्न आले, की कासवगुरुजींना जेवायला उशीर झाला.

तिसऱ्या दिवशी बगळा म्हणाला, "गुरुजी, आवाज आला म्हणजे अंग आलं असं नव्हे. ठसा कुठाय?"

"अंग घेऊन येतात आणि इथे घोरतात, त्यांचे ठसे बरे चालतात तुला!" गुरुजी म्हणाले. "जा, नीट बघून ये."

बगळा कुरकुरत उतरला. वाटेवर शंखाची लांब रेघ होती आणि तिच्या दोन्ही बाजूंना पावलं. चढावर ती पावलं फार खोल गेली होती. बगळ्याने चोच घालून खोली मोजली, मग पुन्हा मोजली.

"हे दोघांचं वजन नाही, तिघांचं आहे," तो वर येऊन म्हणाला. चांदीची जागा तिचीच राहिली.

पाय जुळल्यावर चांदी स्वतः निघाली. चढ आला तसे मुंगूस आणि घोरपड सवयीने दोन्हीकडून तिला टेकले.

"अरे, मला येतं चालता!"

"माहीत आहे," मुंगूस म्हणाला, पण खांदा काढला नाही.

तिचा तो पाय अजून थोडा फरफटत होता. वर बगळा आज वाकलाच नाही. खाली चिखलात त्याच्या ओळखीची लांब रेघ उमटत येत होती, आणि रेघेच्या दोन्ही बाजूंना पावलं.