हिरव्या शिक्क्याचा मध

"शिक्का खोटा म्हणतेस? मग तो खरा ठरेल असा एक घडा उद्या दुपारपर्यंत आण. नाही जमलं, तर रानात पुन्हा पाऊल टाकायचं नाही."

देवखिंडीच्या राजानं नवशीला फर्मान सोडलं. मध काढण्यावरच तिचं घर चालायचं. शेजारी मधाचा व्यापारी कस्तुरशेठ मिशीत हसत उभा होता. त्याच्या प्रत्येक घड्यावर हिरवा शिक्का असे: 'यासाठी एकही झाड तोडलेलं नाही, एकही माशी मारलेली नाही.' राजवाडा तो वाचून तिप्पट दाम मोजी आणि पुण्य केल्याच्या थाटात बोटं चाटी. शेठची माणसं मात्र पोळ्यांना पलिते लावत, आणि पोळं उंच असलं तर झाडच आडवं करत. नवशीनं हे भर दरबारात सांगितलं, म्हणून ही पाळी आली.

आता तिनं कितीही जपून मध काढला, तरी दोन-चार माश्या मरायच्याच. मग असा घडा आणायचा कुठून?

सकाळी ती तोंडाला फडकं बांधलेला घडा घेऊन शेठच्या वखारीत गेली.

"मुनीमजी, ह्याच्यावर तुमचा शिक्का मारून द्या."

मुनीमानं घड्याकडे पाहिलंच नाही. त्याचं लक्ष तिच्या काखेतल्या कोंबडीवर. कोंबडी ठेवून घेतली, शिक्का मारून दिला.

दुपारी राजानं फडकं सोडून आत हात घातला. हात कोरडाच बाहेर आला.

"अगं, हा तर रिकामा आहे!"

"म्हणून तर शिक्का खरा, महाराज. ह्याच्यापायी ना झाड पडलं, ना माशी मेली. मध आत आला, की मलासुद्धा अशी शपथ घेता यायची नाही."

"पण शिक्का दिला कुणी?"

"शेठजींच्या मुनीमानं. घड्यात डोकावला नाही. कोंबडी तेवढी दोनदा उचलून बघितली."

कस्तुरशेठ घाम पुसत म्हणाला, "महाराज, मुनीम नवा आहे. शिक्क्याचा काय दोष?"

"खरंय," राजा म्हणाला. "नवशे, या शिक्क्याचं करू तरी काय?"

"शेठजींच्या कपाळावर मारा, महाराज. आत काही नसलं, की तो खरा ठरतो."

राजा इतका हसला, की त्याला सिंहासनाचा हात धरावा लागला. शेठची वखार त्याच दिवशी बंद झाली, आणि देवखिंडीच्या साऱ्या रानाचा मध काढायचा हक्क नवशीला मिळाला.