दोन भिंतींची टोपली

निळ्या धुक्याच्या डोंगरांत, चेरोकी लोकांच्या गावात, सलोली आजीजवळ राहायची. सलोली म्हणजे त्यांच्या भाषेत खार. आजीच्या टोपल्या दूरदूर नावाजलेल्या. पण आता तिची बोटं सुजून वाकडी झाली होती. वेळूची कामटीसुद्धा धरवेना. बदल्यात द्यायला टोपल्या नाहीत, म्हणून घरात मकाही नाही.

एके सकाळी सलोली नदीकाठी वेळू तोडत होती. तेवढ्यात पानांआडून सोनेरी उजेड सांडला. अंगठ्याएवढी परी! पंख दवासारखे लुकलुकणारे. सलोली अशी दचकली, की वेळू पाण्यातच पडला.

"घाबरू नकोस गं," परी म्हणाली. "एक टोपली वीण आणि तिच्यात तुझी इच्छा सांग. पण टोपली रिकामी हवी हं! इच्छेला दाटीवाटी चालत नाही."

सलोलीने इवलीशी टोपली विणली. परी डोकावली, तर आत घरट्यातून पडलेलं पिल्लू!

"अगं, ही रिकामी?"

"ते कुडकुडत होतं ना..."

दुसरी टोपली विणली. तिच्यात शेजारच्या आजारी म्हातारीसाठी घेवडा! परीने कपाळावर हात मारला. "बाई बाई बाई! तुला काही मागायचंय की नाही? आता शेवटची टोपली!"

या वेळी आजी खाटेवरून ओरडत राहिली, "आतून वर जा. काठावर वळ. मग बाहेरून खाली ये. छे, छे, अशी नव्हे! माझी बोटं चालली असती तर!"

तपकिरी-केशरी नक्षीची सुंदर टोपली झाली. सलोली ती घेऊन नदीकाठी गेली. परी आली. आत रात्री नदीला आलेल्या पुरात भिजलेले चिमुकले ससे!

"संपलं! दमले मी! चालले!"

सलोलीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. टोपली छातीशी धरताना तिची बोटं भिंतीवर थबकली.

"परीताई, थांब ना! ही टोपली दुहेरी आहे. दोन भिंतींच्या मध्ये बघ. तिथे कुणीच नाही!"

परीने फटीला डोळा लावला. केसाएवढी पोकळी, पण अगदी रिकामी!

"लबाड खारुताई!" परी खुदकन हसली. "सांग लवकर."

सलोलीने टोपलीला ओठ टेकवले. "आजीची बोटं बरी होऊ देत."

केशरी, सोनेरी, जांभळा उजेड फुलला. ससे डोळे मिचकावत राहिले आणि परी त्या उजेडात विरून गेली.

सलोली धावत घरी आली. आजीने सडसडीत, सरळ बोटांनी टोपलीचा काठ चाचपला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"काठ असा वळवतात? उसव आधी! नाही, थांब, आधी ससे काढ!"

ओरडा खात, हसत हसत, सलोली तिच्या शेजारी विणायला बसली.